लाइनवर बोलता येते, मग बैठकीत का नाही?

वाचकाचे पत्र

सप्रेम नमस्कार.

मी बत्तीस वर्षांची असून कर्वेनगरला राहते आणि चाकणमधील वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात गुणवत्ता विभागात काम करते. माझे शालेय शिक्षण तालुक्याच्या गावी, मराठी माध्यमात झाले. तीन महिन्यांपूर्वी मला बढती मिळाली आणि दर महिन्याच्या तिसऱ्या शुक्रवारी होणाऱ्या रिव्ह्यू मीटिंगमध्ये विभागाचे प्रेझेंटेशन करण्याची जबाबदारी माझ्याकडे आली. समोर प्लांट हेड आणि इतर विभागप्रमुख मिळून बारा माणसे असतात, शिवाय मुख्य कार्यालयातील तीन-चार जण व्हिडिओ कॉलवर, बहुतेक वेळा कॅमेरा बंद करून. पहिल्या खेपेस चौथ्या स्लाइडवर माझे डोके रिकामे झाले, आवाज कापू लागला आणि उरलेल्या स्लाइड्स मी मान वर न करता वाचून काढल्या. दुसऱ्या खेपेस मी आजारी असल्याचे सांगून रजा घेतली. माझ्या हाताखालच्या मुलाने ते प्रेझेंटेशन केले आणि त्याचे सगळ्यांनी कौतुक केले. आकडे, आलेख, सगळे काम माझे होते.

चौथीत असताना लोकमान्य टिळक पुण्यतिथीला मी भाषण पाठ केले होते. शेंगांच्या टरफलांपर्यंत आले आणि पुढचे आठवेना. तो हशा अजून कानात आहे. रोज सकाळी शिफ्ट सुरू होताना मी उत्पादनाच्या लाइनवरच्या पंधरा-सोळा ऑपरेटरांशी दहा मिनिटे बोलते, तेव्हा असे काहीच होत नाही. काल सात हाउसिंग (सुट्या भागाची बाहेरची कवचे) लीक टेस्टला, म्हणजे गळतीच्या तपासणीत, नापास होऊन गेली, सातही दोन नंबरच्या कॅव्हिटीची (साच्यातल्या खणाची), असे काहीबाही सांगायचे असते. पण ते काही भाषण नव्हे. येत्या शुक्रवारी मला याच लीक टेस्टच्या रिजेक्शनवर बोलायचे आहे.

एका सहकाऱ्याने प्रोप्रानोलॉल नावाची गोळी सुचवली आहे. मला लहानपणापासून दमा आहे, पावसाळ्यात पंप वापरावा लागतो, म्हणून घाबरून घेतली नाही. सरावाने बोलण्यात मजा येऊ लागते असे लोक म्हणतात. मला मजा नको, थरथर थांबली तरी पुरे. काय करावे?

एक वाचक, कर्वेनगर


सल्ला

प्रिय वाचक,

सप्रेम नमस्कार. तुमच्या पत्रातील गोळीचा मुद्दा मी सर्वांत आधी घेते, कारण त्याला शुक्रवारपर्यंत थांबण्यात अर्थ नाही. प्रोप्रानोलॉल हे बीटा-ब्लॉकर गटातील औषध आहे. ते हृदयाची धडधड आणि हातांची थरथर कमी करते, म्हणून रंगमंचावर जाणारे काही कलाकार डॉक्टरांच्या सल्ल्याने ते घेतात. परंतु तेच औषध दम्याच्या माणसाच्या श्वासनलिका आवळू शकते, आणि तुमच्या पंपातील औषधाचा गुणही त्यामुळे कमी येऊ शकतो. तुम्ही घाबरून गोळी घेतली नाही असे लिहिले आहे. त्याला घाबरणे म्हणू नका. सहकाऱ्याने ती भल्याच हेतूने सुचवली असेल, पण ती त्याची त्याला परत करा. मीटिंगच्या विचाराने आठवडेच्या आठवडे झोप उडत असेल, छातीत धडधडून जीव घाबरा होत असेल, किंवा कॅन्टीनमध्ये चार लोकांत बसणे, फोनवर बोलणे हेही टाळावेसे वाटत असेल, तर मात्र मानसोपचारतज्ज्ञांना किंवा समुपदेशकांना अवश्य भेटा. लोकांसमोर जाण्याच्या तीव्र भीतीवर चांगले उपचार आहेत. तुमच्या पत्रावरून मला तसे वाटत नाही, म्हणून पुढचे लिहिते.

तुम्ही जाता जाता लिहिलेले एक वाक्य मी दोनदा वाचले. रोज सकाळी पंधरा-सोळा माणसांसमोर उभे राहून तुम्ही त्यांना कालची चूक दाखवता, आज काय बदलायचे ते सांगता, ती माणसे ऐकतात, त्याप्रमाणे काम करतात, आणि एवढे सगळे सांगून झाल्यावर तुम्ही म्हणता की ते काही भाषण नव्हे. मग भाषण म्हणजे आणखी काय असते? सुट्ट्या वगळल्या तरी वर्षातून अडीचशेहून अधिक वेळा तुम्ही लोकांसमोर बोलता. निवडणुकीचे वर्ष सोडले तर पुढाऱ्यांनाही एवढा सराव नसतो.

तेव्हा ‘मला लोकांसमोर बोलता येत नाही’ हे तुमचे निदान चुकीचे आहे, आणि चुकीच्या निदानावर उपाय केले की काय होते हे गुणवत्ता विभागातील माणसाला मी सांगायला नको. एकाच मशीनवर सकाळी चांगला नग निघाला आणि दुपारी खराब, तर तुम्ही मशीन भंगारात काढत नाही. दोन्ही वेळी काय वेगळे होते ते शोधता. येथेही तेच करायला हवे.

लाइनवर आणि बैठकीत काय वेगळे असते? समोरच्यांचा हुद्दा वेगळा असतो आणि भाषा वेगळी असते, हे तर उघड आहे. पण त्याहून मोठा फरक मला तुमच्या पत्रातील शब्दांत दिसतो. लाइनविषयी लिहिताना तुम्ही सात हाउसिंगविषयी लिहिता. बैठकीविषयी लिहिताना स्वतःच्या आवाजाविषयी, डोक्याविषयी आणि मानेविषयी. लाइनवर तुमचे लक्ष त्या दोन नंबरच्या कॅव्हिटीवर असते, कारण आज पुन्हा सात नग जाऊ नयेत ही तुमची गरज असते. बैठकीच्या खोलीत शिरताच कॅव्हिटी मागे पडते आणि तुम्ही स्वतःचीच तपासणी करू लागता. बोलणे आणि बोलणाऱ्याची तपासणी ही दोन कामे एकाच वेळी करू गेले की चौथ्या स्लाइडपर्यंत कोणाचीही दमछाक होईल.

ही सवय आपल्याला शाळेत लागते. मराठी शाळेत शिकलेल्या आपल्यापैकी जवळजवळ प्रत्येकाचे पहिले भाषण ‘अध्यक्ष महोदय, पूज्य गुरुजनवर्ग आणि येथे जमलेल्या माझ्या बालमित्रमैत्रिणींनो’ येथून सुरू झालेले असते, ते कोणा मोठ्या माणसाने लिहून दिलेले असते, आणि ते घडाघडा म्हणता आले की टाळ्या पडतात. पाठ केलेल्या मजकुरात पुढचे वाक्य मागच्या वाक्याच्या शेपटाला बांधलेले असते. एक गाठ सुटली की पुढचे सगळे निसटते. चौथीतल्या त्या मुलीला जर कोणी खाली उतरून विचारले असते की, ‘बाळ, टिळकांनी टरफले उचलायला का नकार दिला ग?’ तर तिने ती गोष्ट नक्की सांगितली असती. गोष्ट तिला येत होती, वाक्य तेवढे हरवले होते. ती मुलगी भाषणात नापास झाली असे तुम्ही गेली तेवीस वर्षे धरून चालला आहात, पण त्या दिवशी परीक्षा पाठांतराची होती.

माझीही एक फजिती सांगते. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका संस्थेत मला वीस मिनिटांचे भाषण करायचे होते. पाठांतराची धास्ती होती म्हणून सगळे सुवाच्य अक्षरांत सात कागदांवर लिहून नेले, फक्त कागदांवर आकडे घातले नाहीत. टेबलावरच्या पंख्याने ते उडाले, पुढच्या रांगेतील एका आजोबांनी ते गोळा करून दिले, आणि मी तिसऱ्या कागदानंतर थेट सहावा वाचू लागले. ते माझ्या लक्षात आले तेव्हा निम्मा कागद वाचून झाला होता. पाठीवरून घामाची धार चालली होती, आणि मागे जावे की पुढे या विचारात मी चौथा व पाचवा कागद कायमचे गाळून भाषण संपवले. नंतर अध्यक्षांनी समारोप करताना त्या भाषणाला ‘अत्यंत मुद्देसूद’ म्हटले. त्यांनी झोप काढली असावी, अशी शंका मला बरीच वर्षे होती. पुढे याच विषयावर थोडे वाचले तेव्हा कळले की तसे काही नसावे. बोलणाऱ्याला आपली जी चूक डोंगराएवढी दिसते ती ऐकणाऱ्याला बहुधा दिसतच नाही, कारण काय बोलायचे ठरले होते हे त्याला मुळात ठाऊकच नसते.

घाबरल्याचेही तसेच आहे. केनेथ सॅवित्स्की आणि थॉमस गिलोविच या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की, आपण किती घाबरलो आहोत हे लोकांना दिसते आहे असे बोलणाऱ्यांना जेवढे वाटत होते, तेवढे ते ऐकणाऱ्यांना दिसत नव्हते. त्यातला मला आवडणारा भाग पुढचा आहे: ही गोष्ट ज्यांना भाषणापूर्वी समजावून सांगितली त्यांची भाषणे इतरांपेक्षा सरस ठरली. त्यांना वक्तृत्वाचे धडे कोणी दिले नव्हते; धडधड आतल्या आत असते, बाहेर फारशी पोहोचत नाही, एवढेच सांगितले होते. तुमचा आवाज कापला हे तुम्ही लिहिले आहे. तो किती जणांना जाणवला, हे त्या बैठकीतील एखाद्या विश्वासातल्या माणसाला विचारून पाहा; उत्तर ऐकून आश्चर्य वाटण्याचीच शक्यता अधिक आहे.

आणखी एक प्रयोग तुमच्या त्या बंद कॅमेऱ्यांसाठी सांगण्यासारखा आहे. जर्मनीतील ट्रिअर विद्यापीठातील संशोधकांनी १९९३ मध्ये प्रयोगशाळेत माणसावर ताण आणण्याची एक पद्धत मांडली, जी आजही जगभर वापरली जाते. तीत माणसाला थोडा वेळ तयारीला देतात, मग परीक्षकांसमोर पाच मिनिटे बोलायला लावतात आणि नंतर पाच मिनिटे १०२२ मधून तेरा-तेरा वजा करायला सांगतात. परीक्षकांना सक्त सूचना असते की चेहरा निर्विकार ठेवायचा, हसायचे नाही, मान डोलवायची नाही. म्हणजे ताण हमखास यावा म्हणून शास्त्रज्ञांनी जी मांडणी केली, त्या मांडणीत तुमची कंपनी तुम्हाला दर महिन्याच्या तिसऱ्या शुक्रवारी उभी करते, तीही आकड्यांसकट. तेथे तोंड कोरडे पडणे हा तुमचा कमकुवतपणा नसून ठणठणीत शरीराचे लक्षण आहे. निर्विकार चेहऱ्यांचा मात्र बंदोबस्त करता येतो. कॉलवरच्या ज्या व्यक्तीशी तुमचे रोजचे बोलणे असते तिला आदल्या दिवशी विनंती करा की, माझ्या दहा मिनिटांपुरता कॅमेरा सुरू ठेवा. आणि खोलीत तुमच्या हाताखालच्या त्या मुलाला समोर बसवा. त्याच्याविषयी तुमच्या मनात किंचित अढी आहे असे पत्रावरून वाटते, आणि ते स्वाभाविक आहे. पण त्या खोलीत तुमचे आकडे ओळखीचे असलेला तो एकटाच आहे, तेव्हा त्याचा चेहरा निर्विकार राहणार नाही.

आता शुक्रवारची तयारी. तुमचे मागचे प्रेझेंटेशन कसे सुरू झाले असेल याचा मी अंदाज करते: ‘गुड मॉर्निंग एव्हरीवन, टुडे आय विल बी प्रेझेंटिंग द क्वालिटी परफॉर्मन्स फॉर द मंथ,’ आणि मग अजेंड्याची स्लाइड. या वाक्यात चुकीचे काही नाही, पण ते ऐकून कोणी मान वर करीत नाही, आणि कोणी मान वर केली नाही की तुमचा धीर तेथेच खचू लागतो. त्याऐवजी लाइनवरचे वाक्य उचला आणि जसेच्या तसे तेथे नेऊन ठेवा: ‘गेल्या महिन्यात लीक टेस्टला इतकी हाउसिंग गेली, आणि त्यातली निम्म्याहून अधिक एकाच कॅव्हिटीची आहेत.’ आकडा तुमचा तुम्ही घाला. या वाक्यानंतर प्लांट हेडच्या मनात एकच प्रश्न येईल, ‘का?’ आणि पुढची आठ मिनिटे तुम्ही भाषण करीत नसून त्या ‘का’चे उत्तर देत असाल. उत्तर तुम्हाला येते. तेवढ्यासाठीच तुम्हाला बढती दिली आहे.

नारदीय कीर्तन ऐकले असेल तर ही मांडणी ओळखीची वाटेल. बुवा पूर्वरंगात एक अभंग किंवा पद घेऊन मूळ मुद्द्याचे निरूपण करतात आणि उत्तररंगात त्याच मुद्द्याचे आख्यान लावतात. मुद्दा एक, आख्यान एक. आपल्या कचेऱ्यांतील प्रेझेंटेशनमध्ये बावीस स्लाइड्सवर बावीस मुद्दे असतात आणि आख्यान एकही नसते, मग समोरचे लोक मोबाइल काढतात आणि वक्त्याला वाटते की आपलेच काहीतरी चुकले. तुमच्याकडे यावेळी मुद्दाही आहे आणि आख्यानही. सात-आठ स्लाइड्स पुरेत. प्रत्येक स्लाइडच्या माथ्यावर ‘रिजेक्शन ॲनालिसिस’ असे मोघम शीर्षक न घालता त्या स्लाइडचा निष्कर्ष एका पूर्ण वाक्यात लिहा. डोके रिकामे झालेच, तर पडद्याकडे पाहून ते वाक्य मोठ्याने म्हणता येते, आणि पाहणाऱ्याला ते मुद्दाम जोर देण्यासाठी म्हटल्यासारखे वाटते. बाकीच्या तक्त्यांचा गठ्ठा शेवटी ठेवा, कोणी विचारले तरच उघडा.

पाठ काय करावे? पहिली दोन वाक्ये आणि शेवटचे एक, एवढेच, पण ते असे की झोपेतून उठवले तरी म्हणता यावे. धडधड सर्वांत जोरात असते ती सुरुवातीच्या एक-दोन मिनिटांत, आणि ती दोन मिनिटे पाठ असलेल्या वाक्यांनी तरून नेली की शरीर आपोआप सावरू लागते. मधला भाग मात्र पाठ करायचा नाही. त्याची तालीम करायची.

तालीम हा शब्द मी मुद्दाम वापरते. एकांकिका स्पर्धेच्या दिवसांत पुण्यातल्या कोणत्याही महाविद्यालयात डोकावले तर मुले रात्री उशिरापर्यंत उभ्याने, पूर्ण आवाजात, हालचालींसकट तालमी करताना दिसतात. संहिता मनातल्या मनात वाचून कोणी स्पर्धेला गेल्याचे मी ऐकलेले नाही. आपण प्रेझेंटेशनची तयारी मात्र नेमकी तशीच करतो, आदल्या रात्री अंथरुणात लॅपटॉप घेऊन, ओठही न हलवता. तुमच्या जिभेने ती वाक्ये पहिल्यांदा बैठकीतच उच्चारली तर ती अडखळणारच. तीन वेळा, उभे राहून, मोठ्याने, घड्याळ लावून म्हणा, आणि तिन्ही वेळा शब्द वेगळे आले तर उत्तमच. घरात संकोच वाटत असेल तर रविवारी सकाळी वेताळ टेकडीवर जा. तेथे निम्मी माणसे कानात इअरफोन घालून स्वतःशीच बोलल्यासारखी मोठ्याने बोलत चालत असतात, तुमच्याकडे कोणी वळूनही पाहणार नाही. शुक्रवारच्या आदल्या दिवशी एक तालीम बैठकीच्या त्याच खोलीत, रिकामी असताना करा. प्रोजेक्टरची वायर कुठे लागते आणि कुठे उभे राहिले की पडदा अडत नाही, हे आधी माहीत असले की त्या दिवशी तेवढी धांदल कमी.

मोबाइलवर एक तालीम ध्वनिमुद्रित करून ऐका, पण एकदाच. स्वतःचा आवाज ऐकायला कोणालाच आवडत नाही, आणि पुन्हा पुन्हा ऐकून माणूस सुधारण्याऐवजी खट्टू होतो. त्यात एकच गोष्ट शोधा: वाक्य संपल्यावर तुम्ही थांबता की नाही. घाबरलेला माणूस थांबत नाही, एका वाक्याचा शेवट दुसऱ्याच्या सुरुवातीला चिकटवत पळत सुटतो, म्हणून त्याला धाप लागते, आणि धाप लागली की आवाज कापतो. मुळातली गडबड बहुतेक वेळा गळ्यात नसून श्वासात असते.

त्यासाठी बैठकीपूर्वी दोन-तीन मिनिटे, जागेवर बसूनच, नाकाने चार आकडे मोजत श्वास घ्या आणि सहा किंवा आठ आकडे मोजत हळूहळू सोडा. श्वास घेण्यापेक्षा सोडण्याला वेळ अधिक द्यायचा, कारण लांबवलेल्या उच्छ्वासाने हृदयाची गती खाली येते. दम्यामुळे लांब श्वास जड गेला तर आकडे कमी करा, ओढाताण करू नका. त्या सकाळी चहा एकच घ्या. पुणेकराला हा सल्ला देणे धाडसाचे आहे, पण धडधडीत आणखी भर कशाला? हातात सुटा कागद धरू नका, कारण बोटांची बारीक थरथर कागदाच्या टोकाला दुप्पट होऊन दिसते. पुठ्ठ्याचे छोटे कार्ड चालेल.

‘शांत हो, शांत हो’ असे मात्र स्वतःला बजावू नका. हार्वर्डमधील ॲलिसन वुड ब्रुक्स यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, भाषणापूर्वी ‘मी शांत आहे’ असे म्हणणाऱ्यांपेक्षा ‘मी एक्सायटेड आहे’ असे म्हणणाऱ्यांची भाषणे अधिक प्रभावी ठरली. कारण समजण्यासारखे आहे: धावत सुटलेल्या शरीराला एकदम थांबवणे अवघड, त्याच वेगाला दुसरी दिशा देणे त्यामानाने सोपे. मराठीत या शब्दाला चपखल प्रतिशब्द नाही, ‘उत्तेजित’ म्हटले तर भलताच अर्थ होतो. मी स्वतः ‘चला, बघू या’ असे पुटपुटते. त्याने भागते.

इंग्रजीविषयी तुम्ही थेट काही विचारले नाही, पण मराठी माध्यमाचा उल्लेख आपसूक आलेला नाही हे मला कळते. त्या खोलीत बसलेल्या बारा जणांचे इंग्रजी एकदा नीट कान देऊन ऐका. कारखान्यातल्या बैठकीत इंग्रजी, हिंदी आणि मराठी एकाच वाक्यात गुण्यागोविंदाने नांदतात, आणि कोणाचेही काम अडत नाही. छोटी वाक्ये वापरा, एका वाक्यात एक आकडा, आणि शब्द अडला तर तो हिंदीत सांगून पुढे चला. अडलेल्या शब्दाबद्दल माफी तेवढी मागू नका, कारण लोकांचे लक्ष माफीने वेधले जाते, चुकीने नव्हे.

डोके रिकामे झाले तर काय, हा तुमचा खरा प्रश्न आहे. पहिली गोष्ट म्हणजे थांबा. तुम्हाला जे अर्धे मिनिट वाटते ते घड्याळात तीन-चार सेकंद असते. पाण्याचा घोट घ्या, पडद्यावरचे शीर्षक वाचा, आणि तरीही धागा सापडला नाही तर सरळ म्हणा, ‘मी एक स्लाइड मागे जाते.’ लाइनवर बोलताना तुम्ही हे दिवसातून दोनदा करीत असाल आणि तेव्हा त्याला डोके रिकामे होणे म्हणत नसाल. प्रश्नांचेही तसेच. प्रश्न आला की तो आपल्या शब्दांत एकदा म्हणून दाखवा, तेवढ्यात उत्तर जुळवायला वेळ मिळतो. आणि उत्तर ठाऊक नसेल तर ‘हा आकडा आत्ता माझ्याकडे नाही, उद्या अकरापर्यंत मेलवर देते’ असे सांगा, आणि तो खरोखर द्या. असे दोनदा झाले की लोक तुमच्या आकड्यावर विश्वास ठेवू लागतात, मग बोलण्याची ढब कशी का असेना.

रजेबद्दल मी तुम्हाला बोल लावणार नाही, पण तिचा हिशेब दाखवते. ज्या क्षणी तुम्ही आजारी असल्याचा निरोप पाठवला, त्या क्षणी तुम्हाला सुटल्यासारखे वाटले असेल; त्या हायशा वाटण्यातून मनाने एवढाच धडा घेतला की, टाळले म्हणून वाचलो. पुढच्या वेळी भीती त्यामुळे अधिक मोठी होऊन येते. उलट, वाईट का होईना, शेवटपर्यंत बोललेली प्रत्येक बैठक मनाला कळवते की घाबरूनही काही कोसळले नाही. तेव्हा शुक्रवारी प्रेझेंटेशन वाईट झाले तरी चालेल, चुकवायचे तेवढे नाही.

दोन बैठकांच्या मधला महिनाही रिकामा सोडू नका. महिन्यातून एकदा खोल पाण्यात उडी मारून पोहणे येत नाही; रोज थोडे पाणी लागते. ज्या बैठकीला तुम्ही जाल तेथे पहिल्या दहा मिनिटांत एक प्रश्न विचारायचा, एवढाच नेम धरा, कारण एकदा आपला आवाज त्या खोलीत उमटला की पुढचे बोलणे परके वाटत नाही. सोसायटीच्या गणपतीत आभारप्रदर्शन अंगावर घ्या. ते काम कोणालाच नको असते, त्यामुळे स्पर्धा नाही. आणि माझी सर्वांत आवडती सूचना म्हणजे तुमच्या विभागप्रमुखांना एके दिवशी सकाळच्या लाइन मीटिंगला नुसते येऊन उभे राहायला सांगा. जागा तुमची, भाषा तुमची, श्रोते तुमचे, आणि कोपऱ्यात एक बैठकीतला माणूस. पुढच्या आठवड्यात आणखी एकाला बोलवा. बैठकीची भीती हळूहळू लाइनवर आणून तेथे तिला मराठी शिकवायची, असे म्हणा हवे तर.

टोस्टमास्टर्सचे नाव तुमच्या कानावर आले असेल. राल्फ स्मेडली यांनी १९२४ मध्ये कॅलिफोर्नियातील सांता ॲना येथे सुरू केलेल्या, भाषणाचा सराव करणाऱ्यांच्या या मंडळाच्या शाखा पुण्यातही आहेत. तेथे प्रत्येकाला वेळ मोजून दिली जाते, तयारीशिवाय एक-दोन मिनिटे बोलायला लावतात, आणि तुम्ही किती वेळा ‘अं’ म्हणालात हे मोजायला चक्क एक माणूस नेमलेला असतो. मला तो ‘अं’मोजणीचा सोस थोडा अतीच वाटतो, पण चुकले तरी नोकरीवर परिणाम होत नाही अशा खोलीत दर आठ-पंधरा दिवसांनी उभे राहायला मिळणे ही मोठीच सोय आहे. चाकणहून परतताना भोसरी-मोशीच्या गर्दीत तुमचा जीव मेटाकुटीला येत असेल हे मी जाणते. म्हणून शनिवार-रविवारी भरणारी शाखा पाहा.

आणि उन्हाळ्यात टिळक रस्त्यावर टिळक स्मारक मंदिरात वसंत व्याख्यानमाला भरते, तिला एक-दोनदा जाऊन बसा, विषय कोणताही असो. न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ पासून सुरू झालेली ही व्याख्यानमाला जी संस्था चालवते तिचे नावच वक्तृत्वोत्तेजक सभा आहे. दीडशे वर्षांपूर्वीच्या पुण्यातील विद्वानांनाही वक्तृत्व ही उत्तेजन देऊन वाढवण्याची गोष्ट वाटत होती, हे त्या नावातच आहे. तेथे भाषण ऐकू नका, पहिली दोन मिनिटे फक्त वक्त्याचे हात पाहा. नामवंत माणसेही माइक उगाच हलवतात, चष्मा काढून पुन्हा घालतात, फुलांचा गुच्छ कुठे ठेवावा हे त्यांना कळत नाही. तिसऱ्या मिनिटाला ते सगळे थांबते.

मजेचे तुम्ही नको म्हणालात, म्हणून फार आग्रह करीत नाही. पण लाइनवर बोलताना एखादा ऑपरेटर मध्येच म्हणत असेल की, ‘मॅडम, मग साच्यातली हवा जायचे व्हेंट दर शिफ्टला एकदा साफ करून बघू का?’ तेव्हा तुम्हाला जे वाटते ते आठवून पाहा. तुम्ही सांगितलेली गोष्ट दुसऱ्याच्या डोक्यात जाऊन तेथून नवीच होऊन परत आलेली असते. बैठकीतही ती तशीच येते, फक्त टूल रूमचा प्रमुख ती इंग्रजीत विचारतो. येत्या शुक्रवारीच येईल असे नाही.

जाता जाता एक काम सांगते, जे तुम्हाला उद्याच करता येईल. लीक टेस्टला गेलेल्यांपैकी एक हाउसिंग बँडसॉवर (पट्टीच्या करवतीवर) बरोबर ब्लो होलवरून, म्हणजे ओतकामात हवा अडकून राहिलेल्या छिद्रावरून, कापून घ्या आणि शुक्रवारी बरोबर न्या. पहिले वाक्य बोलून झाले की तो तुकडा प्लांट हेडच्या हातात द्या आणि फिरवायला सांगा. पुढची दोन मिनिटे, म्हणजे तुमची सर्वांत अवघड दोन मिनिटे, त्या खोलीतील सर्वांचे डोळे तुमच्यावर नसून त्या छिद्रावर असतील. कॉलवरच्या लोकांसाठी त्याचा एक जवळून काढलेला फोटो दुसऱ्या स्लाइडवर लावा. आणि नेण्यापूर्वी कापलेल्या कडा कानशीने घासून घ्या, नाहीतर कोणाच्या तरी बोटाला लागेल.